जाणून टाकलेला रिजेक्ट

आमच्या घरात चेंडूला ‘जॉब’ म्हणत. म्हणजे आप्पा म्हणत, आणि आप्पांच्या तोंडातला शब्द आठवडाभरात आईच्या आणि महिनाभरात शेजारच्या रशीदचाचाच्या तोंडी जायचा, त्यामुळे तो आमच्या बोळाचाच शब्द झाला. आप्पा, माझे वडील, पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये कामाला होते. बाकीची कंपनी माल काढते आणि टूलरूम तो माल ज्या साच्यांतून निघतो ते साचे घडवते, एवढं मी सांगितलं तरी पुरे. आप्पांना विचारलं असतं तर त्यांनी तास घेतला असता. कागदाच्या जाडीएवढी चूकही त्यांना बोटाच्या टोकाला कळायची. घरात नवा पाट आणला की ते आधी त्याच्यावरून अंगठा फिरवत, मग ‘चांगला हाय, पन डाव्या अंगाला बसलाय’ असं म्हणत, आणि खाली पुठ्ठ्याची घडी सरकवेपर्यंत त्यांना जेवण जात नसे. आईच्या भाकरीला मात्र त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. ती भाकरी खरोखरच गोल असे, किंवा आप्पा आईला ओळखून होते.

चिखली तेव्हा गाव होतं. आज तिथं बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि माझ्याच गावात मला रिक्षावाल्याला रस्ता विचारावा लागतो. तेव्हा आमच्या दारापुढं ज्वारीचं रान होतं आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडची रांग नुकती सुरू झाली होती. त्यातल्या एका शेडमध्ये पत्र्याचे भाग ठोकून काढणारी पॉवर प्रेस होती. सकाळी आठला सुरू झाली की धप्प, धप्प, धप्प असा तिचा ठोका अंधार पडेपर्यंत चालायचा. आमच्या मांडणीवरची भांडी त्या ठोक्याला बारीक किणकिणत. मुक्कामाला आलेले पाहुणे दुसऱ्या दिवशी दुपारीच काढता पाय घ्यायचे. आम्हाला उलट गुरुवारी ती बंद असली की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. गुरुवार हा आमच्या पट्ट्यातला रविवार. कंपन्यांना सुट्टी त्या दिवशी, म्हणून केस कापणं, दळण आणणं, लग्नाची बोलणी आणि क्रिकेट, सगळं गुरुवारी.

मी खेळायला लागले ती केवळ जागा भरायला. बोळातल्या पोरांना एक गडी कमी पडत होता. मला बॅट द्यायची नाही हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, तेव्हा मी बोलिंग टाकायचे. मी टाकते त्याला ऑफस्पिन म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. चेंडू पडला की आत वळतो आणि पोरं शिव्या देतात, एवढंच ठाऊक होतं. एका गुरुवारी आप्पा उंबऱ्यावर बसून सुपारी कातरत बघत होते. माझे सहा चेंडू त्यांनी पाहिले आणि अडकित्ता खाली ठेवून उठून आले. मला वाटलं, आता पाठीत धपाटा. ते म्हणाले, ‘‘सुमे, सहाच्या सहा येगळ्या जागी पडल्यात. ही काय पद्धत हाय व्हय?’’ मुलगी पोरांत खेळते याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. माल एकसारखा निघत नाही, एवढंच त्यांना खटकलं होतं.

रशीदचाचाचं गॅरेज आमच्या भिंतीला लागून. तो गावचाच, त्याच्या आजोबांनी आमच्या पणजोबांच्या बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवल्या होत्या. चाचा स्कूटरी दुरुस्त करायचा, वेल्डिंग करायचा, आणि बोलायचा आमच्यासारखंच, फक्त राग आला की हिंदी. त्याच्या गॅरेजमागं कुणीतरी शेडसाठी घातलेला सिमेंटचा कोबा तसाच पडून होता. लांबीला तो बावीस यार्डांना थोडा कमी भरत होता, तर आप्पांनी दोन गुरुवार खपून स्वतः सिमेंट कालवलं आणि तो पुरा केला. चाचानं लोखंडी सळयांचे स्टंप करून दिले, खाली पत्र्याची बैठक आणि वर हिरवा रंग. मग आप्पांनी खडूनं कोब्यावर एक चौकोन आखला, वर्तमानपत्राची घडी असते तेवढा. ‘‘ह्ये ड्रॉइंग,’’ ते म्हणाले. ‘‘जॉब ह्याच्यात बसला पायजे.’’

आता ब्लूविषयी सांगते. दोन सपाट भाग एकमेकांवर नीट बसतात की नाही हे पाहायला टूलरूममधले लोक एका भागावर निळी पेस्ट चोळतात आणि दुसरा त्यावर टेकवतात. निळा डाग जिथं उमटतो तिथं उंचवटा. त्या पेस्टला नुसतं ब्लू म्हणतात. आप्पांनी तेच चेंडूला लावलं. मी चेंडू टाकायचे, तो कोब्यावर पडला की निळा ठिपका उमटायचा, आणि आप्पा उकिडवे बसून तो ठिपका फूटपट्टीनं मोजायचे. चौकोनात पडला तर ओके. चार बोटं बाहेर गेला तर रीवर्क, म्हणजे सुधारता येण्याजोगा. त्यापलीकडं रिजेक्ट. रिजेक्ट पडला की ते बोलत नसत. रॉकेलात भिजवलेला चिंधीचा बोळा घेऊन ते उठत, तो ठिपका खसाखसा पुसत आणि पुन्हा येऊन बसत. मला ते पाहवायचं नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

माझी बोटं निळी, फ्रॉक निळा, पुढं पंजाबी ड्रेस निळा. शाळेतल्या बाईंना वाटायचं मी शाई सांडते. आई तर एकदा भाकरी थापायचं सोडून उठली, माझा हात धरून आप्पांसमोर नेला आणि म्हणाली, ‘‘हिला मुलगी म्हणून वाढवताय की तुमच्या टूलरूममधला पार्ट म्हणून?’’ आप्पांनी माझा हात उलटसुलट करून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, ‘‘पयल्या बोटाला ब्लू कमी लागलाय. पकड सुटती हिची.’’ आईनं कपाळावर हात मारला आणि त्या हाताचं पीठ दिवसभर तिच्या कपाळावर राहिलं.

हे सहा-सात वर्षं चाललं. सांगताना ते एका दमात सांगून होतं, पण रोज संध्याकाळी आप्पा पहिल्या पाळीवरून आले की शंभर चेंडू आणि गुरुवारी तीनशे, असा तो हिशेब होता. माझी धाव सात पावलांची; ती प्रेसच्या ठोक्यावर आपोआप बसली. सात धप्प आणि हात सुटला. आप्पा एका पाठकोऱ्या वहीत प्रत्येक चेंडूचा ठिपका काढायचे. सुरुवातीच्या पानांवर ते ठिपके गोवर उठल्यासारखे दिसतात. शेवटच्या वर्षीच्या पानांवर एकावर एक इतके पडलेत की कागदाला तिथं भोक पडलंय. हल्ली टीव्हीवर मॅच चालू असताना चेंडू कुठं पडले त्याचे रंगीत ठिपके दाखवतात. चाकणजवळ मी ज्या मुलींना शिकवते त्या ते पाहून म्हणतात, मॅडम, टेक्नॉलॉजी बघा. मी बघते.

खंडेनवमीला टूलरूमची हत्यारं घरी येत नसत, पण आप्पांचा स्वतःचा मापं घ्यायचा व्हर्निअर आणि मायक्रोमीटर होता. ते पाटावर मांडून पूजा व्हायची, आणि सहावीत असल्यापासून माझा चेंडूही त्या पाटावर असायचा. त्यावर झेंडूचं फूल ठरत नसे, सारखं घरंगळायचं. आई ते गुळाच्या खड्यानं टेकवायची. त्या दिवशी पुरणपोळी आणि कटाची आमटी, आणि चाचाच्या घरी ताट. ईदला तिकडून शिरखुर्मा. चाचाच्या बायकोसारखा शिरखुर्मा मी आजवर कुठं खाल्ला नाही, आणि मी बरीच गावं फिरले आहे.

आईचं म्हणणं मला तेव्हा पटत नव्हतं, आज पटतं. ती आळंदीची. सातवीनंतर तिची शाळा सुटली, तरी जिद्दीनं प्रशिक्षण घेऊन ती बालवाडीत लागली होती. पाच बहिणींत स्वतःच्या सहीनं पगार उचलणारी ती एकटीच. घरात ती शुद्ध बोलायची, कारण मुलांसमोर जीभ घसरायला नको म्हणून ती घरीही सराव करायची. मी बारावी झाले आणि संत तुकाराम नगरच्या मैदानावर शैलाताईंकडं जाऊ लागले. शैलाताई स्वतः राज्याकडून खेळलेल्या. त्यांनी मुलींचा संघ उभा केला होता आणि त्याच्या कप्तानही त्याच होत्या. अकरा मुलींत तीन बॅटा, दोन हेल्मेटं, आणि परगावी गेलो की शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपायचं. आई म्हणायची, ‘‘खेळ चांगलाच आहे गं. पण म्हातारपणी कोब्यावरचे ठिपके चाटणार आहेस का?’’ आणि त्याच हिवाळ्यात महापालिकेच्या बालवाडीत शिक्षिकांच्या जागा निघाल्या. कित्येक वर्षांनी निघाल्या होत्या. आईनं फॉर्म आणला, स्वतःच्या हातानं माझं नाव लिहिलं, आणि सहीपुरती जागा सोडून तो फडताळात ठेवला. नोकरी लागली की दौरे बंद, हे तीही जाणत होती आणि मीही.

त्याच आठवड्यात शैलाताईंनी बातमी आणली की ऑस्ट्रेलियाच्या बायकांचा संघ दौऱ्यावर आलाय आणि त्यांचा एक सरावाचा सामना आपल्याशी, पिंपरीतल्या एका कंपनीच्या मैदानावर. निवड समितीच्या बाई येणार होत्या. देशाच्या शिबिरासाठी आमच्या भागातून एक फिरकी गोलंदाज घ्यायची होती. सामना गुरुवारी. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार. आई त्यावर एकच वाक्य बोलली: ‘‘गुरुवारी काय होतंय ते बघू, शुक्रवारी सही करू.’’ आप्पा ताटातली भाकरी मोडत राहिले. ते आईच्या विरुद्ध बोलायचे नाहीत, आणि बाजूनंही बोलले नाहीत.

गुरुवार असल्यामुळे मैदानाभोवती ही गर्दी. निम्मी टूलरूम आली होती, घरच्या पायजम्यांत. चाचानं गॅरेज बंद ठेवलं होतं. आई तेवढी नव्हती. बालवाडीला गुरुवारची सुट्टी नसते. ऑस्ट्रेलियाच्या मुली बसमधून उतरल्या तेव्हा मैदान चिडीचूप झालं. उन्हापासून वाचायला त्यांनी नाकांना पांढरं मलम फासलं होतं, ते पाहून चाचा म्हणाला, ‘‘च्यायला, नाकाला चुना का लावलाय ह्यांनी?’’ एक गोष्ट हा सामना सांगताना मी सहसा गाळते, पण आत्मचरित्रात खोटं बोलू नये म्हणून लिहून टाकते: त्यांच्या चार चांगल्या खेळाडू पोट बिघडून हॉटेलात आडव्या झाल्या होत्या. मॉरीन मात्र ठणठणीत होती. तिचं नाव शैलाताईंनी आम्हाला आठवडाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं. उंच, तोंडावर तीळच तीळ, सारखं काहीतरी चघळणारी. त्यांच्या संघातली सगळ्यात भारी फलंदाज.

आम्ही आधी खेळलो आणि रडतखडत एकशे अठरा केल्या. त्या खेळायला आल्या. दोन लवकर गेल्या आणि मग मॉरीन आली आणि शैलाताईंनी माझ्याकडं चेंडू टाकला. पहिला चेंडू मी बरोबर चौकोनात टाकला. तिथं खडू नव्हता, पण मला तो चौकोन डोळे मिटूनही दिसायचा. मॉरीननं तो अडवला आणि खेळपट्टीवर तो पडला त्या जागी येऊन बॅटनं दोनदा ठोकलं. दुसराही तिथंच. तिसऱ्याला ती एक पाऊल पुढं आली आणि चेंडू वळायच्या आधीच उचलून तिनं तो सरळ माझ्या डोक्यावरून सीमेबाहेर घातला. मी पुढचा आणखी नेमका टाकला. तोही गेला. मी जितकी चोख टाकत होते तितकी ती निवांत होत होती. चार षटकांत तिनं माझी अशी धुलाई केली की लाँगऑनची मुलगी चेंडू आणून आणून दमली. ड्रिंक्सच्या वेळी त्यांना निम्म्याहून कमी धावा हव्या होत्या आणि आठ गडी हातात होते. शैलाताई जवळ आल्या. त्या रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. ‘‘सुमन, आणखी एक ओव्हर देते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग बदलावं लागेल.’’ निवड समितीच्या बाई खुर्चीवरून उठून चहा प्यायला गेल्या होत्या.

मी सीमेच्या दोरीपाशी गेले. तिथं आप्पा उकिडवे बसले होते आणि मांडीवर ती वही. त्यांचा चेहरा फुलला होता. ‘‘सुमे, चोवीस जॉब, चोवीस ओके,’’ ते म्हणाले. ‘‘एक बी रिजेक्ट न्हाई गं!’’ मला रडूच फुटलं. मी म्हटलं, ‘‘आप्पा, ती मारतीय मला. दिसत नाही का तुम्हाला?’’ ते वहीकडं पाहायचे आणि माझ्याकडं पाहायचे. त्यांना खरंच उमगत नव्हतं. इतका एकसारखा माल काढून माणूस नापास कसा होतो, हे त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत कुठं बसतच नव्हतं.

बोलला तो चाचा. सरबताचा ग्लास हातात धरून तो म्हणाला, ‘‘आप्पा, राग मानू नको. तुझ्या कंपनीत हजार पार्ट एकसारखे निघत्यात, म्हनून कंपनी चालती. माझ्याकडं बघ. आज एकाचा ब्रेक, उद्या दुसऱ्याचा क्लच. रोज सकाळी शटर उघडताना माझ्या पोटात गोळा येतो, आता काय येतंय म्हनून. त्या बाईला तसला गोळा येत न्हाई. तिला ठाव हाय पुढचा माल कुठं पडनार. फॅक्टरी बना दी तूने बच्ची की!’’

हिंदीवर आला म्हणजे चाचा चिडला होता. आप्पांनी मान खाली घातली. वहीचं ते पान, ज्यावर एकाच ठिपक्यावर चोवीस ठिपके होते, त्यांनी बोटानं चाचपलं. मी आप्पांना आयुष्यात दोनदाच हरलेलं पाहिलं. आजी गेली तेव्हा आणि त्या दोरीपाशी. पंचांनी घड्याळाकडं पाहिलं. आप्पा उठले, गुडघे झटकले, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, ‘‘मंग एक रिजेक्ट काढ.’’

मी म्हटलं, ‘‘काय?’’

‘‘जाणून काढ. पन हात बदलू नको. हात बदलला की तिला कळंल. मशीन हाय तशीच ठेव, सगळी सेटिंग तीच. फकस्त जॉब मागं सरकव. एक पाऊल आधी सोड. समदं त्येच, पन माल हातभर अलीकडं पडंल.’’ एका टूलरूमच्या माणसाला आपल्या तोंडानं रिजेक्ट काढायला सांगणं काय वाटत असेल, हे मला तेव्हा पुरतं कळलं नाही. आज त्या वाक्याची आठवण झाली तरी माझे डोळे भरून येतात.

सांगणं सोपं होतं. ओव्हरचा पहिला चेंडू मी टाकायला धावले आणि पाय आपसूक नेहमीच्या जागी जाऊन पडला. सात ठोके आणि हात सुटला. चौकोनात. चौकार. दुसऱ्या वेळी मी मनाशी घोकत धावले, तरी तेच. शरीर ऐकेना, सहा-सात वर्षं त्याला एकच गोष्ट शिकवली होती आणि ते इमानानं तीच करत होतं. शैलाताईंनी दुसऱ्या मुलीला हात गरम करायला सांगितलेलं मी पाहिलं. मी धाव घ्यायच्या जागी परत आले, चेंडू पायजम्याला पुसला, आणि या खेपेला पावलं मोजलीच नाहीत. प्रेसचा ठोका डोक्यात लावला. धप्प एक, धप्प दोन. सहाव्या ठोक्याला प्रेस बंद पडली असं समजले आणि हात सोडून दिला.

पंचांच्या अलीकडूनच माझा चेंडू सुटला. मॉरीन नेहमीसारखी पाऊल टाकून पुढं आली, नेहमीच्या जागी बॅट घेऊन गेली, आणि तिथं चेंडू नव्हता. तो तिच्यापासून हातभर अलीकडं पडला, वळला, बॅट आणि पॅडच्या फटीतून आत गेला आणि मधला स्टंप मागं झोपला. क्षणभर मैदानात कुणालाच काही कळलं नाही. मग टूलरूम उठली. मी तसला आवाज त्यानंतर मोठमोठ्या मैदानांवर ऐकलाय, पण एवढा जवळून नाही. चाचा सरबताचा ग्लास घेऊनच नाचत होता. मॉरीन जाताना थांबली, चेंडू जिथं पडला होता ती जागा वाकून पाहिली, मग माझ्याकडं पाहून भुवया उंचावल्या आणि हसली.

नंतरचं सगळं वाऱ्यासारखं झालं. येणारीला कळेना, चौकोनात पडणार की अलीकडं; आणि खरं सांगायचं तर दोन-तीनदा मलाही कळत नव्हतं. एकीनं सरळ माझ्याच हातात झेल दिला, एक पायचीत झाली, दोघी घाबरून जागेवर खिळल्या आणि यष्टी गमावून बसल्या. मला पाच मिळाल्या, उरलेल्या तिघी दुसऱ्या मुलींनी काढल्या. आम्ही सहा धावांनी जिंकलो. अकरा मुलींना उचलायला पन्नास माणसं धावली, त्यात कुणी कुणाला उचललं याचा पत्ता नाही. आप्पा मात्र जागचे हलले नव्हते. वहीत ते नवे ठिपके काढत होते, विखुरलेले, वाट्टेल तिथं पडलेले, आणि प्रत्येक ठिपक्यापुढं ओके लिहीत होते.

मॉरीन आमच्याकडं आली. शैलाताईंच्या इंग्रजीतून कळलं की ती तिकडं टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायचं काम करते आणि या दौऱ्यासाठी तिनं बिनपगारी रजा टाकलीय. आप्पांचा विश्वास बसेना. ‘‘बिनपगारी? म्हंजे ही बी आपल्यावानीच हाय की!’’ त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. पुढं ती बरीच वर्षं खेळली, कप्तान झाली, गुडघा गेला तेव्हा थांबली, आणि मग मुलींना शिकवू लागली. मी तिच्याविरुद्ध पुढं तीनदा खेळले. त्यातल्या दोन वेळा तिनं मला पुरतं धुतलं. तिसऱ्या वेळचं मी वेगळं सांगेन, कारण ते सांगायला मला आवडतं. अजूनही नवीन वर्षाला तिचा फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, तुझे वडील काय म्हणाले होते ते परत सांग.

निवड समितीच्या बाईंनी मात्र पाठ थोपटली आणि सांगितलं, ‘‘छान टाकलंस. यादी आठवड्यानं लागेल. त्याआधी मी काही बोलू शकत नाही.’’ म्हणजे शुक्रवार आधी येणार होता. सायकलवर आप्पांच्या मागं बसून घरी येताना मी जिंकलेलीही होते आणि फडताळातला फॉर्मही डोळ्यांपुढं होता. टेल्को कंपनीच्या मोठ्या रस्त्यावरून नाही, तर शेतातल्या वाटेनं आप्पांनी सायकल घेतली, म्हणजे त्यांनाही घरी लवकर पोचायचं नव्हतं.

आई अंगणात धुणं आपटत होती. चाचा आमच्या आधीच येऊन बातमी सांगून गेला होता. तिनं एकच विचारलं, ‘‘निवड झाली?’’

‘‘आठवड्यानं कळेल,’’ मी म्हटलं.

आईनं हातातली चादर पिळली, दोरीवर टाकली, तिच्या सुरकुत्या ओढून काढल्या. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘रशीदभाऊ सांगत होते, ती गोरी बाई कशी आउट झाली ते. मला काही समजलं नाही. दाखव बघू.’’ आणि तिनं पदर खोचला, कपडे धुवायचं धोपाटणं उचललं आणि रशीदचाचाच्या गॅरेजमागं त्या कोब्यावर जाऊन हिरव्या स्टंपांपुढं उभी राहिली. इतक्या वर्षांत ती तिथं कधी आली नव्हती. आप्पा स्टंपांमागं जाऊन बसले. मी पहिले दोन चेंडू चौकोनात टाकले. आईनं दुसरा चक्क अडवला आणि जीभ चावली. तिसऱ्याला मी सहाव्या पावलाला हात सोडला. आईचं धोपाटणं हवेत फिरलं आणि स्टंप खणखणले. ती वळून स्टंपांकडं पाहत राहिली. ‘‘परत टाक,’’ ती म्हणाली.

परत टाकला. परत तेच. ‘‘परत टाक.’’ आता तिच्या शुद्ध बोलण्याचा पत्ता नव्हता. ‘‘थांब गं, मला बघू दे, हात त्योच हाय तुझा, मंग कुठं फसतीय मी?’’ चौथ्या खेपेला तिनं माझ्या हाताकडं पाहिलंच नाही. माझ्या पायांकडं पाहिलं. जागेवर थांबली, चेंडू येऊ दिला, आणि असा धोपाटला की तो गॅरेजच्या पत्र्यावर दाणकन आदळून पलीकडच्या ज्वारीत गेला. आतून चाचा ओरडला. आई धोपाटणं डोक्यावर धरून लहान मुलीसारखी हसत होती आणि म्हणत होती, ‘‘कळलं! मला कळलं!’’

हसू ओसरेपर्यंत मी थांबले. मग धीर करून विचारलं, ‘‘आई, उद्या फॉर्म भरायला किती वाजता जायचं?’’

‘‘कसला फॉर्म?’’ आई म्हणाली आणि पुन्हा स्टंपांपुढं उभी राहिली. ‘‘आधी चेंडू आण.’’